गॅमा ग्लोबिन आणि एलसीआर जवळ येतात का, हे पाहायला हाय-सी करू की फोर-सी?

वैदेही, नागपूर

नमस्कार मंडळी,

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय सिकलसेलचा. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको, आणि मी हा विषय घेतला तोही त्याचमुळे. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यावर काही रुग्णांत गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन छान वाढतं, दुखण्याचे झटके कमी होतात. काहींत मात्र तेच औषध तितक्याच मात्रेत देऊनही जेमतेम फरक पडतो. असं का होतं, याचा एक छोटा धागा मला पकडायचा आहे.

गर्भातल्या या हिमोग्लोबिनला गॅमा ग्लोबिन हे प्रथिन लागतं, प्रौढांच्या हिमोग्लोबिनला बीटा ग्लोबिन. ती जनुकं ११व्या गुणसूत्रावर आहेत आणि त्यांच्या वरच्या बाजूला एलसीआर हा नियंत्रक भाग आहे. जे जनुक चालू असतं त्याच्या प्रोमोटरजवळ, म्हणजे जिथून जनुक वाचायला सुरुवात होते त्या भागाजवळ, एलसीआर येतो आणि मधला डीएनए लूप होऊन बाहेर राहतो, असं वाचलं आहे. मला एवढंच विचारायचं आहे: के५६२ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी रक्तपेशींना हायड्रॉक्सीयुरिया दिल्यावर एलसीआर गॅमाजवळ जास्त येतो का?

डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ येतात ते मोजायच्या बऱ्याच पद्धती आहेत. सर म्हणतात, सरळ हाय-सी कर, सगळा जीनोम एकदम हातात येईल. पण सीक्वेन्सिंगचं कोटेशन बघून मला घाम फुटला. आमच्या लॅबमध्ये यातलं काहीच याआधी कोणी केलेलं नाही. थ्री-सी, फोर-सी, कॅप्चर-सी, मायक्रो-सी ही नावं वाचून गोंधळ वाढलाय. कोणी प्रत्यक्ष हाताने केलं असेल तर कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?

---

अनिरुद्ध, बंगळूर

वैदेही, मी प्रयोगशाळेत हाताने काम करत नाही, डेटा चाळतो. त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ ज्यूसबॉक्स हे हाय-सी नकाशे बघायचं सॉफ्टवेअर उघडून बसा. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. २०१४ साली राव आणि लीबरमन-एडन यांच्या गटाने 'सेल'मध्ये जे मोठं काम छापलं, त्यात के५६२ पेशींचाही हाय-सी नकाशा आहे आणि तो सगळ्यांना खुला आहे. ११व्या गुणसूत्राच्या टोकाला ग्लोबिनचा भाग काढा आणि पाच किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) चौकटींत बघा. एलसीआरमधल्या एचएस२ या तुकड्यापासून गॅमाची जनुकं साधारण २५ ते ३० किलोबेसवर आहेत. म्हणजे तुमचा अख्खा प्रश्न त्या नकाशात पाच-सहा चौकटींच्या अंतरात मावतो, तोही कर्णाला, म्हणजे शेजारशेजारचे तुकडे जिथे येतात त्या तिरप्या रेषेला, अगदी लागून. तिथे सगळंच गडद दिसतं.

ते गडद का दिसतं हे नीट समजून घ्या, कारण पुढे कुठलीही पद्धत घेतलीत तरी ही गोष्ट पाठ सोडणार नाही. एकाच गुणसूत्रावरचे दोन बिंदू जितके जवळ, तितके ते एकमेकांना जास्त भेटतात. त्यासाठी लूप असावाच लागतो असं नाही, साखळी लवचिक असली की झालं. २००९ च्या पहिल्या हाय-सी पेपरमध्ये ५०० किलोबेस ते ७ मेगाबेस या टप्प्यात संपर्काचं प्रमाण अंतराच्या जवळपास व्यस्त प्रमाणात घटताना दिसलं होतं. ३० किलोबेसवरचे कुठलेही दोन तुकडे भरपूर भेटणारच. म्हणून 'एलसीआर आणि गॅमा यांचा संपर्क दिसला' या वाक्याला काही किंमत नाही. 'तेवढ्याच अंतरावरच्या इतर तुकड्यांपेक्षा जास्त दिसला' असं म्हणता आलं, तरच ते निष्कर्ष म्हणून टिकेल.

पैशांचा हिशेबही इथेच आहे. हाय-सी नकाशा म्हणजे एक चौरस. दहापट बारीक चौकटी हव्या असतील तर रीड्स, म्हणजे सीक्वेन्सरने वाचलेले छोटे तुकडे, शंभरपट लागतात. राव यांच्या गटाला जीएम१२८७८ पेशींत एक किलोबेसपर्यंत जायला सुमारे ४९० कोटी संपर्क मोजावे लागले. तुम्हाला औषध दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन अवस्था लागणार, प्रत्येकीचे किमान दोन वेगळे नमुने लागणार. कोटेशन बघून घाम फुटला ते साहजिक आहे.

आणखी एक. के५६२ ही कर्करोगातून आलेली पेशीरेषा आहे, जवळपास त्रिगुणित, गुणसूत्रांची बरीच मोडतोड झालेली. काही भागांच्या प्रती जास्त, काहींच्या कमी. नकाशावरचा एखादा गडद ठिपका लूपचा आहे की जादा प्रतींचा, हे आधी तपासा.

---

मृण्मयी, उट्रेख्ट

वैदेही, तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण प्रश्न नेमका आहे. 'डीएनएची घडी बघायची आहे' असं म्हणणारे खूप भेटतात. कुठल्या दोन जागा, कुठल्या पेशी, कशाच्या तुलनेत, हे सांगता येणारे कमी. मी पुण्यात एमएस्सी करून इकडे आले आणि तेव्हापासून याच पद्धतींत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हाय-सी करू नका. फोर-सी करा. पुढे निधी मिळाला तर कॅप्चर-सी.

ही सगळी नावं एकाच झाडाची आहेत. फॉर्मॅल्डिहाइडने पेशीतली प्रथिनं आणि डीएनए जागच्या जागी धरून ठेवायचे, डीएनए एन्झाइमने कापायचा, जवळजवळ असलेली टोकं लायगेजने जोडायची आणि कोणता तुकडा कोणाला जोडला गेला ते मोजायचं. योब डेकर आणि नॅन्सी क्लेकनर यांच्या गटाने २००२ मध्ये यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर हे दाखवलं, ते थ्री-सी. पुढच्या सगळ्या पद्धती शेवटच्या पायरीवर, म्हणजे मोजण्यावर, वेगळ्या होतात. थ्री-सीत तुम्ही दोन ठरलेल्या जागा पीसीआरने मोजता. फोर-सीत एक जागा पक्की धरून ती जीनोममध्ये कोणाकोणाला भेटते ते वाचता. हाय-सीत सगळ्यांचं सगळ्यांशी वाचता. कॅप्चर-सीत हव्या त्या काही जागा प्रोबने गळाला लावून काढता. मायक्रो-सीत ठरावीक क्रम ओळखणाऱ्या एन्झाइमऐवजी एमनेजने कापता, म्हणून न्यूक्लिओसोमइतकं बारीक दिसतं.

आणि तुम्ही निवडलेली जागा या सगळ्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. त्याच २००२ साली रॉटरडॅममधल्या गटाने, म्हणजे टोलहाउस, द लाट आणि त्यांचे सहकारी, थ्री-सी सस्तन प्राण्यांत आणली ती बीटा ग्लोबिनवरच. उंदराच्या गर्भातल्या यकृतात, जिथे ग्लोबिन जोरात बनतं, तिथे एलसीआर चालू जनुकाजवळ सापडला. त्याच उंदराच्या मेंदूत, जिथे ग्लोबिनची गरज नाही, तो तसा सापडला नाही. किती सुंदर तुलना आहे बघा. जीनोम तोच, जागा तीच, ऊतक वेगळं. मेंदूचा तो नमुना नसता तर यकृतातल्या आकड्याला अर्थ राहिला नसता. तुमच्या प्रयोगात हा 'मेंदू' कोण, हे आज ठरवा. ग्लोबिन मुळीच न बनवणारी एखादी मानवी पेशीरेषा तुमच्या लॅबमध्ये नक्की असेल. ती सोबत चालवा. अनिरुद्ध अंतराबद्दल जे म्हणताहेत त्याचंही अर्धं उत्तर त्यातून मिळेल.

हाय-सीबद्दल गैरसमज नको, मला ती पद्धत फार प्रिय आहे. २०१२ मध्ये टॅड म्हणजे गुणसूत्रावरचे आपापल्यात जास्त भेटणारे पट्टे दिसले ते हाय-सी आणि तिची बहीण फाइव्ह-सी यांच्यामुळे. बर्लिनच्या मुंडलोस यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ईपीएचए४ जनुकाजवळची टॅडची हद्द मोडली की एन्हान्सर, म्हणजे लांबून जनुक चालवणारा डीएनएचा तुकडा, शेजारच्या भलत्याच जनुकाला चालवतो आणि हाताची बोटं बिघडतात. असे प्रश्न थेट हाय-सीचे. पण तुमचा प्रश्न ३० किलोबेसचा आणि एकाच जागेचा आहे. हाय-सीत तुमच्या पैशांतला बहुतेक पैसा उरलेल्या २२ गुणसूत्रांवर जाईल.

आता फोर-सीचं एक गणित, जे पेपरमध्ये क्वचितच कोणी मांडून दाखवतं. तुम्ही एचएस२ किंवा एचएस३ मधला एक तुकडा धरलात. एका पेशीत त्याच्या दोन प्रती, के५६२ मध्ये कदाचित तीन. त्या तुकड्याचं जे टोक तुम्ही वाचता, ते प्रत्येक प्रतीत एकाच कोणाला तरी चिकटलेलं असतं. म्हणजे एक प्रत, एक उत्तर. एका द्विगुणित मानवी पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. पीसीआरच्या एका नळीत २०० नॅनोग्रॅम घातलंत तर त्यात सुमारे ३०,००० पेशींचा ऐवज आला, म्हणजे जास्तीत जास्त ६०,००० उत्तरं. त्या एका नळीतून एक कोटी रीड्स काढल्या तरी उत्तरं वाढत नाहीत, तीच पुन्हा पुन्हा वाचली जातात. म्हणून एकच पीसीआर करून थांबू नका. एकाच नमुन्याच्या बऱ्याच नळ्या लावा, मग एकत्र करा. एकूण तीन मायक्रोग्रॅमच्या आसपास डीएनए वापरला जाईल असं बघा. मग दहा-वीस लाख रीड्स एका नमुन्याला पुरतात, आणि तेवढा खर्च कुठल्याही पीएचडीच्या आकस्मिक निधीत बसतो.

तुमच्या जागेची एक खास अडचण आहे. गॅमाची जनुकं दोन आहेत, एचबीजी१ आणि एचबीजी२. पाच किलोबेसचा एक तुकडा उत्क्रांतीत दोनदा उतरला आहे आणि त्यांचे क्रम जवळजवळ सारखे आहेत. छोटी रीड कुठल्या प्रतीतून आली हे बऱ्याचदा सांगता येत नाही, आणि बहुतेक सॉफ्टवेअर अशा रीड्स गुपचूप टाकून देतात. मग नकाशात नेमकं गॅमाच्या जागी भगदाड दिसतं आणि माणूस समजतो की संपर्कच नाही. यूसीएससी या जीनोम ब्राउझरवर, डीपीएन२ हे एन्झाइम जिथे डीएनए कापतं त्या सगळ्या जागा टाकून, दोन्ही जनुकांभोवतीचा प्रत्येक तुकडा कुठल्या टोकाने वेगळा ओळखता येतो ते हाताने तपासा. बाकीच्यांसाठी दोन्हींची बेरीज दाखवा आणि तसं स्पष्ट लिहा. धरून ठेवायची जागा एलसीआरच्या बाजूला घ्या असं मी म्हणते ते याचसाठी. तिथला क्रम एकमेव आहे, प्रायमर नीट बसतात.

पेशींबद्दल दोन गोष्टी. के५६२ मध्ये गॅमा आधीपासूनच चालू असतं, बीटा जवळपास बंद. म्हणजे तुम्ही 'बंद ते चालू' बघत नसून 'चालू ते थोडं जास्त चालू' बघताय. फरक लहान असेल, त्यासाठी नमुने जास्त लागतील. आणि दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची: हायड्रॉक्सीयुरिया रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज अडवतं. पेशीला डीएनएच्या नव्या विटा मिळत नाहीत आणि ती एस अवस्थेत, म्हणजे डीएनएची नक्कल करण्याच्या टप्प्यात, अडकते. गुणसूत्रांची घडी पेशीचक्रासोबत बदलते, विभाजनाच्या वेळी तर टॅड आणि लूप दोन्ही जवळपास नाहीसे होतात. औषध दिलेल्या ताटलीत पेशीचक्राचं प्रमाण वेगळं आणि न दिलेल्या ताटलीत वेगळं, तर दिसलेला फरक गॅमाचा की चक्राचा? प्रत्येक वेळी त्याच ताटलीतून थोड्या पेशी काढून प्रोपिडियम आयोडाइडने रंगवून फ्लो सायटोमीटरवर न्या. हेमिन या दुसऱ्या रसायनाने गॅमा वाढवलेला एक नमुनाही ठेवा. दोन वेगळ्या वाटांनी गॅमा वाढलं आणि दोन्हींत संपर्क वाढला, तर बोलायला जागा आहे. आणि किती टक्के पेशींनी प्रतिसाद दिला ते बेन्झिडिन रंगाने मोजा, हातमोजे आणि फ्युमहूड न विसरता, कारण बेन्झिडिनने कर्करोग होऊ शकतो. प्रतिसाद थोड्याच पेशींत असेल तर बाकीच्या पेशी तुमचं सगळं सरासरीत बुडवतात.

आता प्रत्यक्ष हातकामाचं. फॉर्मॅल्डिहाइड ताजं घ्या, सीलबंद अँपूलमधलं, आणि उघडलेली अँपूल पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका. दोन टक्के, खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं, मग ग्लायसिन ०.१२५ मोलर आणि लगेच बर्फावर. नागपूरच्या मे महिन्यात 'खोलीचं तापमान' म्हणजे काय, हे आधी थर्मामीटरने बघा आणि दरवेळी तेच ठेवा. सीरममधली प्रथिनंही फॉर्मॅल्डिहाइड खातात, त्यामुळे पेशी ज्या द्रवात असतील त्यातलं सीरमचं प्रमाण आणि पेशींची संख्या दरवेळी सारखीच हवी. औषधाच्या ताटलीत पेशी कमी वाढतात, म्हणून मोजल्याशिवाय कधीही पुढे जाऊ नका. कमी पेशींना तेवढंच फॉर्मॅल्डिहाइड म्हणजे जास्त घट्ट क्रॉसलिंकिंग, आणि मग एन्झाइम आत शिरत नाही.

एसडीएस हा डिटर्जंट घातल्यावर केंद्रकांचे चिकट, अर्धपारदर्शक गठ्ठे होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सगळं वाया गेलं. तसं नसतं. ३७ अंशांना जोरात हलवत ठेवा, ट्रायटन हा दुसरा डिटर्जंट घातल्यावर आणखी हलवा, टिपने अलगद वर-खाली करा. पिपेट घासून गठ्ठे फोडू नका, केंद्रकं फुटतात.

मग जेल. हे जेल पाहिल्याशिवाय एकही पैसा पुढे खर्च करू नका. तीन खाने: न कापलेला, कापलेला, जोडलेला. न कापलेला डीएनए वर एका घट्ट पट्ट्यात, दहा किलोबेसच्या वर बसायला हवा. तो खाली ओघळत आलेला दिसला तर तुमच्या पेशी मरत होत्या किंवा डीएनए सडलाय. डीपीएन२ ने कापलेल्याचा धूसर पट्टा खाली उतरायला हवा, बहुतांश एका किलोबेसच्या आत. जोडलेला पुन्हा वर सरकायला हवा. कापलेल्या खान्यात वरच्या बाजूला जाड पट्टा उरलेला असेल तर तिथेच थांबा आणि कापायची पायरी पुन्हा करा. अर्धवट कापलेल्या डीएनएत शेजारचे तुकडे मुळातच जोडलेले असतात, आणि तुमच्यासारख्या ३० किलोबेसच्या प्रश्नात तो खोटा 'संपर्क' सगळं झाकून टाकतो.

हे सगळं नीट जमलं आणि संपर्क वाढलेला दिसला, तरीही लूपमुळे जनुक चाललं की जनुक चालल्यामुळे लूप झाला, हे फोर-सी सांगणार नाही. हाय-सीही सांगणार नाही. इथे फिलाडेल्फियाच्या ब्लोबेल यांच्या गटाचं काम जरूर वाचा. त्यांनी एलडीबी१ हे प्रथिन झिंक फिंगरला, म्हणजे डीएनएवरची ठरावीक जागा ओळखणाऱ्या प्रथिनाला, जोडून थेट बीटा ग्लोबिनच्या प्रोमोटरवर नेऊन बसवलं. गाटा१ हे ग्लोबिन चालू करायला लागणारं प्रथिन नसलेल्या पेशींतही एलसीआर तिथे आला आणि जनुक बऱ्यापैकी चालू झालं. ते २०१२ मध्ये. २०१४ मध्ये त्यांनी प्रौढ माणसाच्या लाल पेशींच्या पूर्वजांत हाच डाव गॅमावर टाकला आणि गॅमा पुन्हा चालू करून दाखवलं. सिकलसेलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं हे काम आहे. तुमच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच दिशेचं असू शकतं.

---

श्रीरंग, पुणे

मृण्मयीताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी सूक्ष्मदर्शकाच्या बाजूचा, म्हणून एक भर घालतो, कारण तुमचे परीक्षक हे विचारणारच: 'फिशने पडताळा केलात का?'

फिश म्हणजे चमकणाऱ्या प्रोबने डीएनए किंवा आरएनएची ठरावीक जागा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणं. साध्या डीएनए फिशने हे होणार नाही, आणि तसं लिहायला संकोच करू नका. फॉस्मिड प्रोब स्वतःच ४० किलोबेसच्या आसपास असतो, तुमच्या दोन जागांमधल्या अंतरापेक्षा मोठा. वर प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० ते २५० नॅनोमीटर. लाल आणि हिरवा ठिपका जवळजवळ प्रत्येक पेशीत एकमेकांवर बसलेले दिसतील, लूप असो वा नसो. ऑलिगो प्रोबने टप्प्याटप्प्याने रंगवून काही किलोबेसपर्यंत माग काढणाऱ्या पद्धती आहेत, पण त्यांना लागणारी यंत्रणा आणि प्रोबचा खर्च तुमच्या हाय-सीच्या कोटेशनच्या पुढे जाईल.

त्याऐवजी आरएनए फिश करा, गॅमाच्या इंट्रॉनवर, म्हणजे आरएनए बनल्यावर लगेच कापून टाकल्या जाणाऱ्या भागावर. नुकताच बनत असलेला आरएनए जिथे बनतो तिथेच ठिपका देतो, त्यामुळे किती पेशींत, किती प्रतींवर जनुक त्या क्षणी चालू आहे हे मोजता येतं. फोर-सी लाखो पेशींची सरासरी देतं. हे तुम्हाला पेशीगणिक देईल.

आणि लूप म्हणजे कायम बांधून ठेवलेली गाठ असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये एक काम आलं. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत एफबीएन२ जागेच्या, सीटीसीएफ या प्रथिनाने धरलेल्या लूपची दोन्ही टोकं रंगवून जिवंत पेशीत पाहिली. नकाशावर ठळक दिसणारा हा लूप प्रत्यक्षात पूर्ण जुळलेला असतो फक्त ३ ते ६ टक्के वेळ, आणि एकदा जुळला की टिकतो साधारण १० ते ३० मिनिटं. तो लूप एन्हान्सर-प्रोमोटरचा नाही, तेव्हा आकडे जसेच्या तसे तुमच्या जागेला लावू नका. पण फोर-सीत संपर्क दीडपट झाला म्हणजे नेमकं काय झालं, जास्त पेशींत झाला की प्रत्येक पेशीत जास्त वेळ टिकला, हा प्रश्न प्रबंधात मांडाच.

जाता जाता: आपल्याकडे हे काम नवं नाही. पुण्यातच संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी१ आणि पीएमएल ही प्रथिनं एमएचसी वर्ग १ भागात क्रोमॅटिनचे लूप कसे बांधतात हे २००७ मध्ये छापलं होतं. सरांना ते दाखवा, 'इथे कोणी करत नाही' ही शंका मिटेल.

---

वैदेही, नागपूर

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री ज्यूसबॉक्सवर बसले. अनिरुद्ध सर, तुम्ही म्हणालात तसंच, कर्णाजवळ सगळं लालभडक, काही वेगळं काढता येईना. तो पडदाच आज सरांना दाखवला. हाय-सीचा आग्रह त्यांनी सोडला आणि फोर-सीला होकार दिला. हेमिनचा नमुना आणि पेशीचक्राची तपासणीही योजनेत घातली.

सरांनी एक नवीन प्रश्न काढलाय. ते म्हणतात, फोर-सी एवढी स्वस्त आहे तर थेट रुग्णांच्या रक्तावर कर. आमच्या ओपीडीत हायड्रॉक्सीयुरिया घेणारे रुग्ण नियमित येतात, रक्त तसंही तपासणीला काढलं जातंच. चांगला प्रतिसाद देणारे आणि न देणारे यांची थेट तुलना होईल. हे जमेल का?

---

मृण्मयी, उट्रेख्ट

इच्छा अगदी योग्य आहे, पण नेहमीच्या रक्ताच्या नळीतून तुमचं उत्तर येणार नाही. रक्तात फिरणाऱ्या लाल पेशींत केंद्रकच नसतं, रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच बनलेल्या लाल पेशींमध्येही नाही. तिथे आरएनए सापडेल, घडी घातलेला डीएनए नाही. त्या नळीतून तुम्ही डीएनए काढलात तर तो जवळजवळ सगळा पांढऱ्या पेशींचा असेल, आणि त्यांत ग्लोबिनची जागा बंद असते. सिकलसेलच्या काही रुग्णांच्या रक्तात केंद्रक असलेल्या थोड्या लाल पेशी दिसतात, पण त्या इतक्या कमी आणि माणसागणिक इतक्या वेगळ्या की त्यांच्यावर तुलना उभी करू नका.

वाट आहे ती थोडी लांबची. रुग्णाच्या रक्तातून, पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या पूर्वज पेशी वेगळ्या करायच्या आणि एरिथ्रोपोएटिन, स्टेम सेल फॅक्टर वगैरे देऊन ताटलीत लाल पेशींच्या दिशेने वाढवायच्या. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. केंद्रक बाहेर टाकलं जाण्याच्या आधीच्या टप्प्यावर त्यांना फॉर्मॅल्डिहाइडमध्ये पकडावं लागतं, आणि सगळ्या रुग्णांच्या पेशी एकाच टप्प्यावर आहेत हे सीडी७१ आणि ग्लायकोफोरिन ए या पृष्ठभागावरच्या खुणा रंगवून दाखवावं लागतं. नाहीतर तुम्ही प्रतिसादाची नाही, पेशींच्या वयाची तुलना कराल. शिवाय तो रुग्ण आधीच हायड्रॉक्सीयुरियावर आहे, त्याच्या मज्जेतल्या पूर्वज पेशींची संख्या आणि अवस्था औषधाने बदललेली असू शकते. शक्य असेल तर औषध सुरू होण्याआधीचं रक्त घ्या, ताटलीत औषध द्या, आणि त्याच रुग्णाला पुढे सहा महिन्यांत कसा प्रतिसाद मिळाला ते ओपीडीच्या नोंदींतून जोडा. अशी तुलना ज्यांच्याकडे रुग्ण येतात त्यांनाच करता येते. इकडे उट्रेख्टमध्ये बसून मला ती करता येणार नाही, तुम्हाला नागपुरात येईल.

मध्ये एक पायरी ठेवा. के५६२ वर हात बसला की हुडेप-२ पेशी मिळवायचा प्रयत्न करा. जपानमध्ये नाळेच्या रक्तातून तयार झालेली ही पेशीरेषा आहे. तिच्यात बीटा चालू आणि गॅमा जवळपास बंद, म्हणजे प्रौढ माणसाच्या जवळची स्थिती. 'बंद ते चालू' तिथे खरोखर बघता येईल. करारपत्राला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच टाका. आणि त्याच आठवड्यात एथिक्स कमिटीचाही. औषध सुरू होण्याआधीचं रक्त हवं, हे त्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि डीएनए नेमका कशासाठी वापरणार हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणारं संमतीपत्र जोडा. गोंडी किंवा कोरकू बोलणारे रुग्ण तुमच्याकडे येत असतील तर ते त्या भाषांतही करून घ्या.

एचएस२ चे प्रायमर आखून झाले की क्रम इथे टाका. फोर-सीत डीएनए दुसऱ्यांदाही कापावा लागतो, त्यासाठी डीपीएन२ सोबत दुसरा एन्झाइम सीएसपी६आय घ्यायचा की एनएलए३, ते त्या तुकड्याची लांबी बघूनच ठरवू.